ग्वाल्हेरच्या थंडीला विंटर टायर? आधी हवा बघा

जर्मनीत किंवा कॅनडात राहणारा भाचा दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला गाडीचे टायर बदलल्याचा फोटो पाठवतो आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरात चर्चा सुरू होते: थंडी आपल्याकडेही काही कमी नसते, मग आपणही वेगळे टायर घ्यावेत का? प्रश्न वेडगळ नाही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पटत नाही, पण ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे पारा तीन-चार अंशांवर उतरतो आणि मे-जूनच्या दुपारी पंचेचाळीसच्या पुढे जातो. वर्षभरात चाळीस अंशांहून जास्त फरक एकाच टायरला सोसायचा असतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. विंटर टायर घेऊ नका. ऋतू बदलला की इथे टायरमधल्या हवेकडे बघायचं, आणि नवे टायर निवडताना विचार करायचा तो उन्हाचा आणि पावसाचा. थंडीचा नंबर त्यानंतर लागतो. असं का, ते समजून घ्यायला थोडं रबराच्या आत डोकवावं लागेल.

सात अंशांची भानगड

टायरच्या रबरात नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, तेलं, गंधक असं बरंच काही मिसळलेलं असतं. ह्या मिश्रणाला कंपाउंड म्हणतात. डांबरी रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी तो बारीक खडीचा, खरखरीत असतो. गाडीच्या वजनाने कंपाउंड त्या खडीच्या फटींत दबतं आणि म्हणून पकड मिळते. प्रत्येक टायरचा जमिनीला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. ब्रेक, वळण, वेग, सगळं त्या चार तळहातांच्या भरवशावर चालतं.

थंडी वाढली की रबर ताठ होतं आणि फटींत नीट दबत नाही. साधे, म्हणजे युरोपात ज्यांना समर टायर म्हणतात ते, साधारण सात अंशांच्या खाली पकड गमवायला लागतात. सात हा आकडा काही काटेकोर रेघ नाही. सहाला गाडी घसरते आणि आठला थांबते असं होत नाही. विंटर टायरचं कंपाउंड कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं आणि त्याच्या नक्षीवर शेकडो बारीक चिरा असतात. त्या चिरा बर्फाला धरतात. शिवाय खोल खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फाला बर्फच धरून ठेवतो. ही कल्पना फिनलंडची. तिथल्या ज्या कंपनीला आज आपण नोकियन टायर्स म्हणतो, तिने १९३४ मध्ये बर्फासाठी पहिला खास टायर काढला, तोही ट्रकसाठी.

भाच्याच्या बाबतीत हा कायद्याचाही मामला आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे असतात. जर्मनीत ठरावीक तारखा नाहीत, पण रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असेल तर तसे टायर हवेतच. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण लागते. ती खूण बर्फावर प्रत्यक्ष चाचणी झालेल्या टायरलाच मिळते. आपल्याकडच्या बऱ्याच एसयूव्हींच्या टायरवर ‘एम+एस’ लिहिलेलं असतं, म्हणजे मड आणि स्नो. ते वाचून लोक खूश होतात, पण नक्षी चिखलाला आणि बर्फाला बरी आहे असं कंपनीने स्वतःच सांगितलेलं असतं, त्यापलीकडे त्याला फारसा अर्थ नाही.

मग ग्वाल्हेरला काय हरकत आहे? हरकत अशी की इथे पारा सात अंशांखाली असतो तो रात्री आणि पहाटे. सूर्य वर आला की जानेवारीतसुद्धा दुपार वीसच्या आसपास जाते. धुकं दिवसभर हललंच नाही असे काही दिवस येतात, तेवढे सोडा. गारठ्यासाठी बनवलेलं मऊ कंपाउंड कोरड्या, उबदार रस्त्यावर भराभर झिजतं, वळणावर लदलदतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त अंतर जाऊन थांबते. मार्चनंतर तर ते टायर काढून ठेवावेच लागतील. चार जास्तीचे टायर ठेवायला गच्चीवर जागा असली तरी तिथलं ऊन त्यांना खाईल.

डिसेंबर-जानेवारीत इथला खरा धोका धुक्याचा आहे आणि त्यावर कुठलाच टायर उपाय करू शकत नाही. यमुना एक्स्प्रेसवेवर हिवाळ्यात मोटारींची १०० ची वेगमर्यादा खाली आणतात, ती उगाच नाही. धुक्याच्या पहाटे रस्ता ओलसर असतो, टायर गार असतात आणि समोरचं दिसत नाही. मुरैनाकडे किंवा झाशीकडे निघायचं तर दोन तास उशिरा निघा. ह्याला एक पैसा लागत नाही.

बर्फातच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. मनालीला जाऊन हिवाळ्यात अटल बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये डोकवायचं हा बेत २०२० मध्ये बोगदा सुरू झाल्यापासून आपल्याकडेही ठरू लागला आहे. बर्फ पडल्यावर तिथले पोलिस बऱ्याचदा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या, किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. साखळ्या इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्या चाकांना लावायच्या. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची चाकं असतात. लावल्यावर तीस-चाळीसच्या वर जायचं नाही आणि डांबर दिसलं की काढायच्या. माझं मत विचाराल तर स्वतःची गाडी मनालीत उभी करून तिथल्याच चालकाची गाडी घ्यावी. बर्फावर गाडी चालवणं दोन दिवसांत शिकता येत नाही.

हवा: वर्षभराचं खरं काम

हवा गार झाली की आकसते, तापली की फुगते. टायरमध्ये ती कोंडलेली असल्यामुळे फरक दाबात दिसतो. पंपावर ज्याला ‘पॉइंट’ म्हणतात ते पीएसआय, म्हणजे दाब मोजायचं एकक. साध्या मोटारीच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पॉइंटने बदलतो.

आता हे ग्वाल्हेरला लावून बघू. मेच्या उकाड्यात ४२ अंश असताना तुम्ही ३३ पॉइंट हवा भरली. समजा टायरमधून हवेचा एक कणही गळला नाही. तरी जानेवारीच्या पहाटे ५ अंशांना तोच टायर साडेसत्तावीसच दाखवेल. आणि रबरातून हवा थोडी थोडी झिरपतच असते. महिन्याला पॉइंटभर गेली तरी त्यात नवल नाही. म्हणजे उन्हाळ्यात भरलेली हवा दिवाळीनंतर बघितली नाही तर गाडी जवळजवळ बसल्या टायरवर धावत असते, आणि ट्यूबलेस टायर वरवर बघून ते कळत नाही.

नव्या गाड्यांत दाब कमी झाल्याचा दिवा लागतो. थंडीत तो पहाटे लागतो, दुपारी विझतो, आणि लोक म्हणतात सेन्सर बिघडलाय. सेन्सर बहुतेक वेळा बरोबर असतो. हवा काठावर असते. पहाटे रेघेच्या खाली, दुपारी रेघेच्या वर. शिवाय अनेक गाड्यांत तो दिवा हवा चांगलीच उतरल्यावर लागतो, म्हणजे दिवा नाही तर सगळं ठीक, असंही समजू नका.

उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे उलटं शहाणपण चालतं. ‘गर्मी है, दो-तीन पॉइंट कम रखिए, टायर फटेगा नहीं.’ हा सल्ला पंपावर, पंक्चरच्या दुकानात, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून, सगळीकडून मिळतो आणि तो चुकीचा आहे. नुसता चुकीचा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण तो ज्या अपघाताला टाळायला निघाला आहे तोच अपघात जवळ आणतो.

टायर फुटण्यामागे बहुतेकदा तापलेलं, थकलेलं रबर असतं. चाक फिरताना टायरची बाजूची भिंत जमिनीपाशी दबते आणि वर गेली की सुटते. वेगात हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होतं. प्रत्येक वेळी रबर थोडं तापतं. हवा कमी असेल तर भिंत जास्त दबते, जास्त वाकते आणि जास्त तापते. रबर उष्णता सहज बाहेर सोडत नाही, त्यामुळे ती आतच साठते. टायरच्या आत तारांचे पट्टे असतात. त्यांची रबरावरची पकड सुटायला लागते आणि एका क्षणी वरची नक्षीच सोलून निघते किंवा भिंत फाटते. आता ह्यात दुपारचा तापलेला रस्ता, पाच माणसं, टपावर सामान आणि आग्र्यापुढचा सरळसोट सिमेंटचा रस्ता मिळवा. त्या रस्त्यावर तासन् तास एकाच वेगाने जाताना टायरला उसंत मिळत नाही.

आणि दाब वाढतो त्याचं काय? चालताना तो चार-पाच पॉइंट वाढतोच आणि तेवढं गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो कागद चिकटवलेला असतो, त्यावरचा आकडा गार टायरचा असतो. गार म्हणजे गाडी तीनेक तास उभी आहे, किंवा दोन किलोमीटरच्या आतच चालली आहे. त्याच कागदावर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा, मोठा आकडा बऱ्याचदा दिलेला असतो. पुण्याला जायचं म्हणजे हजार किलोमीटरच्या वरचा पल्ला. डिकी गच्च भरून निघताना तो दुसरा आकडा पाळायचा. टायरच्या भिंतीवर कोरलेला सगळ्यात मोठा दाब हा भरायचा आकडा नव्हे.

तापलेल्या टायरमधून हवा कधीही कमी करू नका. पंपावर पोचेपर्यंत कागदावरच्या ३३ चे ३६ झाले असतील तर तसेच राहू द्या. खरं तर दाब मोजायचा छोटा गेज आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा पंप घेऊन ठेवला की सकाळी दारातच काम होतं. वर्षातून निदान तीनदा, नोव्हेंबरात, मार्चअखेर आणि पाऊस सुरू होण्याआधी, नीट बघायचं. बाकी महिन्याला एकदा.

नायट्रोजनबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो आणि कोरडा असतो, एवढा फायदा खरा. पण तापल्यावर तोही जवळपास हवेइतकाच फुगतो. फुकट मिळाला तर घ्या. त्याच्या भरवशावर गेज बघणं सोडू नका.

पाऊस आणि नक्षी

नक्षीचं मुख्य काम पाणी बाजूला सारणं. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही चांगला धरतो. शर्यतीच्या गाड्यांना म्हणूनच बिननक्षीचे टायर असतात. पाण्यात हिशोब पालटतो. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि तुम्ही ताशी ८० ने जात आहात, तर साध्या टायरला दर सेकंदाला सुमारे १० लिटर पाणी हटवावं लागतं. तेवढं हटलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं आणि ब्रेकचा उपयोग होत नाही. अशा वेळी ब्रेक करकचून दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून पाय हळूच उचलायचा.

हवेचा इथेही संबंध आहे. १९६० च्या दशकात नासाने विमानांच्या चाकांवर जे प्रयोग केले, त्यांतून टायर कोणत्या वेगाला तरंगू लागतो ह्याचं सूत्र मिळालं आणि ते दाबावर ठरतं. पाणी खोल असेल आणि नक्षी गेलेली असेल तर ३३ पॉइंटला हा वेग ताशी साधारण ९६ येतो, २५ पॉइंटला ८३. प्रत्यक्षात नक्षी, रुंदी, रस्ता सगळ्याचा फरक पडतो, पण कल म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रुंद टायर दिसायला छान, पण त्याला पाणीही जास्त हटवावं लागतं.

नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याने मोटारीला किमान १.६ लागते आणि खाचांच्या तळाशी तेवढ्या उंचीचे रबराचे उंचवटे असतात. भिंतीवर ‘टीडब्ल्यूआय’ किंवा बाणाची खूण बघून ते शोधता येतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली म्हणजे टायर संपला. पण पाण्यातली पकड त्याच्या बरीच आधी, ३ च्या खाली गेल्यावर, वेगाने उतरते. मेमध्ये नक्षी तीनच्या आसपास असेल तर ‘दिवाळीला बदलू’ म्हणू नका. जूनच्या आधीच बदला, कारण पहिल्या सरींना रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून जो राबडा होतो तो भर पावसाळ्यापेक्षा निसरडा असतो.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा. दुकानदार पुढे लावायला बघेल, तुम्हालाही तेच पटेल, कारण स्टिअरिंग पुढे आहे. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर गाडी नाकासमोर जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते आणि साध्या चालकाच्या हातात काही उरत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात.

दुकानात काय वाचायचं

ग्वाल्हेरहून मुरैनाकडे जाताना बानमोरला जेके टायरचा कारखाना लागतो. गंमत म्हणजे इंदूरशेजारी पीथमपूरला ब्रिजस्टोनचा आहे, आणि बडोद्याजवळ लिमड्याला अपोलोचा, हालोलला सिएटचा. शिंदे, होळकर, गायकवाड तिघांच्याही दारात टायर बनतात. म्हणून टायर स्वस्त मिळतो असं नाही; फक्त ‘माल येईपर्यंत थांबा’ ही सबब जरा कमी ऐकावी.

भिंतीवर १८५/६५ आर१५ ८८एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ६५ टक्के, रेडियल बांधणी, १५ इंची रिम. इथपर्यंत दुकानदार सांगतो. पुढचं सहसा कोणी सांगत नाही. ८८ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला ५६० किलो. त्याजागी ८२ आला तर ४७५ किलोच. शेवटचं अक्षर वेगाचं: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. ‘आपण कुठे दोनशेने चालवतो’ म्हणून खालच्या अक्षराचा टायर घ्यायचा मोह होतो. पण हे अक्षर चाचणीत टायर किती वेगाने, म्हणजेच किती तापून टिकला त्याचं आहे. पंचेचाळीस अंशांच्या गावात ते खाली आणायचं कारण नाही. कंपनीने दिलेल्यापेक्षा भार आणि वेग, दोन्हींत खाली उतरू नका. काही टायरांवर ‘टेंपरेचर’ पुढे ए, बी किंवा सी असतं. ए सर्वांत चांगला.

माप वाढवायची हौस असेल तर चाकाचा एकूण व्यास फार बदलू देऊ नका. १८५/६५ आर१५ च्या ऐवजी १९५/६० आर१५ घेतला तर व्यास एक टक्काच घटतो, चालून जाईल. भिंत अगदी बुटकी करून घेतली तर जुन्या लष्करातल्या गल्ल्या आणि खड्डे हिशोब चुकता करतात: आतले धागे तुटतात, भिंतीवर फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही.

शेवटी वय. टायरच्या भिंतीवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. नवा म्हणून दोन वर्षं पडून राहिलेला टायर गळ्यात मारत असतील तर दुसरा मागा. हा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, कारण मुलं पुण्याला किंवा बंगळूरला, घरी दोघेच, गाडी आठवड्यातून एकदा बाड्याच्या बाजारापर्यंत आणि एकदा डॉक्टरकडे, असं चित्र घरोघरी आहे. सात वर्षांत वीस हजार किलोमीटर झालेले असतात, नक्षी टवटवीत दिसते आणि ‘टायर नवेच आहेत’ असं मानून मंडळी उन्हाळ्यात शिर्डीला निघतात. रबर मात्र न चालताही म्हातारं होतं. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला कोरडं करतात, भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याला दाखवा. दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, काढून टाका. आमच्या उन्हात उभ्या असणाऱ्या गाडीला मी दहाची वाट बघणार नाही, सातेक वर्षं पुरे. हे वाचताना डिकीतल्या स्टेपनीचे चार आकडेही तपासा. ती बहुतेक घरांत गाडीबरोबर आलेलीच असते, आणि तिच्यात हवा कधी भरली होती ते कोणालाच आठवत नाही.